फसलेल्या प्रयोगाचा धडा : आपल्या शेतात चाचणी कशी घ्यावी?

नवीन वाण, नवीन खत किंवा पेरणीची नवीन पद्धत यांची माहिती शेतकऱ्यांपर्यंत आज अनेक मार्गांनी पोहोचते. मेळावे होतात, प्रदर्शने भरतात, विक्रेते बांधावर येतात, मोबाईलवर चित्रफिती येतात. विक्रमी उत्पादन घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या यशकथाही छापून येतात. परंतु न जमलेल्या प्रयोगाची हकीकत सहसा कोणी सांगत नाही. चांगले पीक रस्त्याच्या कडेचे असो वा नसो, पाहुण्याला हौसेने दाखवले जाते. बिघडलेल्या पिकाकडे जाणारी वाट मात्र टाळली जाते. परिणामी एका शेतकऱ्याच्या शेतात फसलेली गोष्ट शेजारचा शेतकरी पुढच्या वर्षी तेवढाच खर्च करून पुन्हा करतो.

शेतीत प्रयोग करावेत, हे सर्वजण सांगतात. प्रयोग म्हटला की तो फसण्याची शक्यता आलीच. म्हणून प्रयोग फसला तरी घरचे गणित बिघडू नये आणि फसण्यामागचे कारण हाती लागावे, अशा रीतीने तो कसा करावा याची माहिती या लेखात दिली आहे.

पीक गेले आणि धडाही गेला

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी एका गावातील खरीप मेळाव्यात मी सोयाबीनच्या टोकण पद्धतीवर बोललो होतो. सरी-वरंब्यावर टोकण केल्यास बियाणे कमी लागते, जास्तीच्या पावसात पाण्याचा निचरा होतो आणि झाडाला फांद्या अधिक फुटतात, असे मी सांगितले. हे सर्व खरे होते. सभेतील एका ज्येष्ठ शेतकऱ्यांनी ते मनावर घेतले व त्या हंगामात आपल्या चारही एकरांवर टोकण केली. त्याच वर्षी त्यांनी वाणही बदलला.

ऑगस्टमध्ये पावसाने मोठी उघडीप दिली. त्यांच्या जमिनीचा बराचसा भाग हलका, मुरमाड होता. झाडे खुजी राहिली, ओळी झाकल्या गेल्या नाहीत आणि मोकळ्या जागेत तण माजले. मळणी झाली तेव्हा शेजारच्या शेतापेक्षा निम्मेच सोयाबीन पदरात पडले. दिवाळीनंतर त्यांची भेट झाली. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. आता नेमकं चुकलं काय, तेवढं सांगा.”

मला उत्तर देता आले नाही. वाण चुकला, अंतर चुकले, तणनियंत्रण उशिरा झाले, की उघडिपीने घात केला? सर्व गोष्टी एकाच वर्षी बदललेल्या आणि नेहमीच्या पद्धतीचा एक तासही शेतात नव्हता. तुलना करायची तर कशाशी करणार? त्या वर्षी त्यांचे पीक तर गेलेच, त्यातून मिळू शकणारा धडाही गेला. “आधी दोन गुंठ्यांवर करून पाहा” हे एक वाक्य मेळाव्यात सांगायचे माझ्याकडून राहिले होते. त्याची किंमत त्यांनी मोजली.

शास्त्रज्ञांचेही प्रयोग फसतात

प्रयोग फसणे म्हणजे अडाणीपणा, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. याची दोन उदाहरणे पाहू.

युस्टुस फॉन लीबिग हे जर्मनीतील गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. पिके जमिनीतून खनिज अन्नद्रव्ये घेतात, हा विचार त्यांनी १८४० साली ग्रंथ लिहून ठामपणे मांडला. पुढे १८४५ साली त्यांचे स्वतःचे खत इंग्लंडमध्ये विक्रीस आले. पिकाला लागणारे नत्र हवेतून पुरेसे मिळते असा त्यांचा समज होता, त्यामुळे खतात खनिजांवरच भर होता. शिवाय पावसाने खत वाहून जाऊ नये म्हणून ते वितळवून पाण्यात सहज न विरघळणारे केले होते. शेतात त्याचा उपयोग झाला नाही. न विरघळणारे खत मुळांना तरी कसे मिळणार?

त्याच काळात लंडनच्या उत्तरेस रॉथॅमस्टेड येथे जॉन लॉज व लीबिग यांचेच विद्यार्थी असलेले जोसेफ गिल्बर्ट यांनी १८४३ साली गव्हावरील प्रयोग सुरू केला होता. एकाच शेतात लांब पट्टे पाडले. एका पट्ट्याला शेणखत, काहींना निरनिराळी खते आणि एका पट्ट्याला काहीच नाही. केवळ खनिजे दिलेल्या पट्ट्यांचे उत्पादन फारसे वाढले नाही, नत्र दिल्यावर मात्र वाढले, हे या पट्ट्यांनी दाखवून दिले. नत्राबाबतचा समज चुकीचा ठरला तो असा. खत वाहून जाण्याच्या भीतीचेही उत्तर लवकरच मिळाले. जॉन वे या शास्त्रज्ञांनी १८५० साली दाखवले की, अमोनिया व पालाश यांसारखी द्रव्ये माती स्वतःच धरून ठेवते. पुढे लीबिग यांनीही आपली चूक मान्य केली.

रॉथॅमस्टेडचा तो प्रयोग आजही चालू आहे. काहीच न दिलेला पट्टाही तेथे जपलेला आहे. तो पट्टा नसता तर कोणत्या खताने किती फरक पडला, हे कोणालाच सांगता आले नसते.

दुसरे उदाहरण आपल्या बाजरीचे. देशातील पहिला संकरित बाजरी वाण एच.बी. १ हा १९६५ साली प्रसारित झाला. त्यातील टिफ्ट २३ ए ही मादी ओळ अमेरिकेतून आणलेली होती. उत्पादन स्थानिक वाणांपेक्षा पुष्कळ जास्त मिळाल्याने संकरित बाजरी झपाट्याने पसरली. त्यानंतर आलेले एच.बी. मालिकेतील सुरुवातीचे वाणही याच मादी ओळीवर आधारलेले होते. ही ओळ केवडा (गोसावी) रोगास बळी पडणारी निघाली. १९७० नंतरच्या काही वर्षांत रोगाची मोठी साथ आली आणि कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुबके दिसू लागले. अनेक शेतकऱ्यांचे पीक हातचे गेले.

परंतु संशोधन तेथे थांबले नाही. रोग मुद्दाम टिकवून ठेवलेल्या वाफ्यांत हजारो ओळी पेरून, त्यात जी झाडे निरोगी राहतील तीच पुढे न्यायची, अशी निवड सुरू झाली. वाण देताना उत्पादनाइतकेच रोगप्रतिकारास महत्त्व आले. डब्ल्यू.सी.-सी. ७५ (१९८२) आणि महाराष्ट्रात लोकप्रिय झालेला आय.सी.टी.पी. ८२०३ (१९८८) हे वाण या वाटचालीतून मिळाले. सगळे क्षेत्र एकाच मूळ ओळीवर अवलंबून ठेवू नये, हा धडाही त्याच साथीने दिला. मात्र हा धडा लाखो शेतकऱ्यांच्या पिकावर मिळाला. असा धडा गुंठ्या-दोन गुंठ्यांत मिळाला तर स्वस्त पडतो.

लहान क्षेत्रावरून मोठे काम

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण फारसे झाले नव्हते व जमीनही जेमतेम दीड एकर होती. १९८३ साली पटेल-३ या भाताच्या बांधीत त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवले आणि पुढील हंगामात लहानशा जागेत वेगळे लावले. दरवर्षी निवड करीत त्यांनी ते वाढवत नेले. सुमारे सात वर्षांनी तो भात इतर शेतकऱ्यांच्या शेतात व बाजारात पोहोचला आणि त्या काळातील लोकप्रिय घड्याळाच्या नावावरून एच.एम.टी. म्हणून प्रसिद्ध झाला.

पहिल्याच वर्षी त्यांनी सगळी बांधी या बियाण्याखाली आणली नाही. वेगळे दिसले ते वेगळे ठेवले, थोडे लावले, पाहिले आणि पुन्हा लावले. कोणत्याही वर्षी ते बी वाया गेले असते तरी नुकसान थोड्याच जागेचे झाले असते. हीच रीत आपण प्रत्येकजण पाळू शकतो.

चाचणी घेण्याची पद्धत

१) क्षेत्र ठरवणे : प्रयोगाखालील पीक पूर्ण बुडाले तरी घरखर्चाला व कर्जफेडीला धक्का लागणार नाही, एवढेच क्षेत्र घ्यावे. हंगामी पिकासाठी एक एक गुंठ्याचे सहा पट्टे पुरेसे होतात. फळबागेत पाच-सहा झाडांपासून सुरुवात करावी व एकापेक्षा जास्त बहार पाहावेत.

२) तुलनेचा पट्टा : नव्या पद्धतीच्या प्रत्येक पट्ट्याशेजारी नेहमीच्या पद्धतीचा तेवढाच पट्टा ठेवावा. एवढा एक नियम पाळला तरी निम्मे काम झाले असे समजावे.

३) एका वेळी एकच बदल : वाण तपासायचा असेल तर खत, अंतर, पेरणीची तारीख व फवारणी दोन्ही पट्ट्यांत सारखीच ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर श्रेय किंवा दोष कोणाचा हे कळत नाही.

४) पुनरावृत्ती : पट्ट्यांची एकच जोडी घेऊ नये, किमान तीन जोड्या घ्याव्यात. शेतात सर्वत्र जमीन सारखी नसते. कोठे जुना उकिरडा असतो, कोठे झाडाची सावली पडते, कोठे बांधाकडून पाणी झिरपते. प्रत्येक जोडीत नवी पद्धत डाव्या पट्ट्यात की उजव्या, हे नाणे उडवून ठरवावे. आपण स्वतः निवडले तर नकळत चांगली जागा नव्या पद्धतीला दिली जाते.

५) खताचा हिशेब : लहान पट्ट्यावर मात्रा चुकण्याचा संभव अधिक असतो. एक हेक्टर म्हणजे सुमारे ९९ गुंठे. हेक्टरी ५० किलो नत्र द्यायचे असल्यास गुंठ्याला सुमारे अर्धा किलो नत्र होते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणून गुंठ्याला सुमारे १.१ किलो युरिया लागेल. तो अंदाजाने मुठीने न टाकता तोलून द्यावा.

६) काढणी : पट्ट्याच्या दोन्ही कडेची एक एक ओळ आधी काढून बाजूला ठेवावी, कारण कडेच्या झाडांना जागा व प्रकाश जास्त मिळतो. सर्व पट्ट्यांतून सारख्याच लांबी-रुंदीचा भाग मोजून कापावा. प्रत्येकाची मळणी वेगळी करावी व धान्य सारखेच वाळल्यावर वजन करावे.

तीन जोड्या का घ्याव्यात?

समजा, सोयाबीनवर एका नव्या फवारणीची चाचणी घेतली आणि गुंठ्याला किलोमध्ये पुढीलप्रमाणे उत्पादन मिळाले.

पहिली जोडी : फवारणी केलेला पट्टा १०.५, न केलेला ८.५
दुसरी जोडी : फवारणी केलेला पट्टा ९.०, न केलेला ९.५
तिसरी जोडी : फवारणी केलेला पट्टा ८.०, न केलेला ९.०

पहिली जोडीच घेतली असती तर गुंठ्याला २ किलो, म्हणजे एकरी ८० किलो वाढ मिळाली असे आपण म्हटले असते आणि पुढच्या वर्षी सगळ्या शेतावर फवारणी केली असती. तिन्ही जोड्यांची बेरीज केली तर फवारणीचे २७.५ किलो व बिनफवारणीचे २७ किलो येतात. सरासरी फरक गुंठ्याला २०० ग्रॅमही नाही, म्हणजे एकरी सुमारे ७ किलो. तोही तिन्ही ठिकाणी एका दिशेने नाही. फवारणीचा व मजुरीचा खर्च वजा केला तर हाती काय राहील, याचा विचार प्रत्येकाने करावा. असा प्रयोग फसला म्हणून वाईट वाटण्याचे कारण नाही. सगळ्या शेतावर होणारा खर्च त्याने वाचवला.

प्रयोग फसला तर काय पाहावे?

प्रथम, प्रयोग नीट झाला का ते पाहावे. बियाणे उगवलेच नाही, जनावरे शिरली, फवारणी पावसात धुऊन गेली, अशा वेळी नवी पद्धत चांगली की वाईट हे ठरलेलेच नसते. अशी चाचणी पुन्हा घ्यावी.

दुसरे, ती कोणत्या परिस्थितीत फसली ते पाहावे. एका जमिनीत किंवा एका हंगामात न जमलेली गोष्ट दुसरीकडे जमू शकते. पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी कोरडवाहू रब्बी ज्वारीवर प्रयोग केला होता. नत्र एकदम पेरणीच्या वेळी द्यावे की विभागून द्यावे, हे पाहायचे होते. विभागून दिलेले नत्र सरस ठरेल अशी माझी खात्री होती, कारण बागायती पिकात तसेच होते. त्या वर्षी पेरणीनंतर पाऊसच झाला नाही. महिन्याने दिलेला युरिया कोरड्या मातीत तसाच राहिला, मुळांपर्यंत पोहोचलाच नाही. उलट पेरणीच्या वेळी दोन चाड्यांच्या पाभरीने ओलीत पेरलेले खत पिकाने घेतले. माझा अंदाज साफ चुकला. दोन वर्षांचे शिक्षण वाया जाते की काय, अशी मला धास्ती वाटली. माझे मार्गदर्शक म्हणाले, “तुम्हाला काय वाटत होते ते बाजूला ठेवा, ज्वारीने काय सांगितले ते लिहा.” कोरडवाहू रब्बी ज्वारीस सर्व नत्र पेरणीच्या वेळीच ओलीत द्यावे, ही शिफारस मी आधी पाठ केलेली होती. तिचा अर्थ मला त्या फसलेल्या अंदाजाने समजला.

तिसरे, दोन-तीन हंगाम व निरनिराळ्या जमिनींत तीच गोष्ट सतत कमी पडत असेल तर ती सोडून द्यावी. खर्च झाला आहे म्हणून धरून बसू नये.

नोंदवही ठेवा

फसलेल्या प्रयोगाची आठवण सर्वांत आधी पुसली जाते. म्हणून साधी शंभर पानी वही ठेवावी. पेरणीपूर्वीच “या बदलाने काय होईल असे मला वाटते” हे एका ओळीत लिहावे. नंतर पेरणीची तारीख, पट्ट्यांचा कच्चा नकाशा, दिलेली खते, पाऊस पडलेले दिवस, उघडिपी, कीड-रोग, मजुरी, प्रत्येक पट्ट्याचे वजन व शेवटी आपले मत लिहावे. खुरपणी-निंदणीच्या निमित्ताने घरातील महिला पिकात अधिक वेळ असतात आणि पुष्कळदा पहिला बदल त्यांच्याच नजरेस पडतो. त्यांची निरीक्षणे जरूर नोंदवावीत. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींकडून वही लिहून घेतली तर त्यांनाही शेतीची गोडी लागते.

पाच जणांनी मिळून प्रयोग

ज्यांना सहा पट्टे घेणे जमत नाही त्यांनी गट करावा. पाच शेतकऱ्यांनी तीच चाचणी आपापल्या शेतात एक एक जोडी घेऊन करावी. प्रत्येकाचा खर्च थोडा होतो आणि हलकी, मध्यम, भारी अशा वेगवेगळ्या जमिनींतील निकाल एकाच हंगामात मिळतो. दाणे भरण्याच्या वेळी सर्वांनी मिळून शिवारफेरी काढावी. त्या फेरीत बिघडलेला पट्टा आधी पाहावा आणि कारणांवर तेथेच चर्चा करावी. ज्याचा पट्टा बिघडला त्याची चेष्टा करू नये. त्याने आपल्या खर्चाने उरलेल्या चौघांचे नुकसान टाळलेले असते.

काही पथ्ये

लेबलवर शिफारस नसलेल्या पिकावर किंवा मात्रेत कीटकनाशके वापरून प्रयोग करू नयेत. मनाने दोन-तीन औषधे एकत्र मिसळू नयेत. बंदी असलेली औषधे व बेकायदेशीर बियाणे यांच्या वाटेस जाऊ नये. प्रयोगासाठी कर्ज काढू नये. “सगळ्या शेतावर करा, तरच गुण येईल” असे कोणी सांगत असेल तर अधिक सावध व्हावे. जी गोष्ट एका गुंठ्यात गुण दाखवत नाही, ती चार एकरांत दाखवील यावर विश्वास ठेवू नये.

त्या शेताचे पुढे काय झाले?

ज्या ज्येष्ठ शेतकऱ्यांचे नुकसान झाले होते, त्यांच्याकडे पुढच्या जून महिन्यात मी स्वतः गेलो. त्यांनी टोकणीचे नावही काढू दिले नाही, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. शेवटी चार जोड्यांवर तडजोड झाली, दोन नाल्याकडील भारी जमिनीत व दोन चढाकडील मुरमाड जमिनीत. वाण त्यांचा नेहमीचाच ठेवला. मळणीच्या दिवशी तराजू त्यांनी स्वतः धरला. भारी जमिनीतील दोन्ही जोड्यांत टोकण सरस ठरली, कारण तेथे ओल टिकली, निचरा झाला आणि फांद्या फुटून ओळी झाकल्या गेल्या. मुरमाड जमिनीत दोन्ही ठिकाणी नेहमीची पेरणी पुढे राहिली.

म्हणजे माझी शिफारस पूर्ण चुकीची नव्हती आणि पूर्ण बरोबरही नव्हती. ती त्यांच्या निम्म्या शेतापुरती खरी होती. आदल्या वर्षी चार एकर घालवून जे कळले नाही, ते आठ गुंठ्यांत कळले. आता ते खालच्या अंगाला टोकण करतात, वरच्या अंगाला पाभरीने पेरतात आणि मी काही नवे सांगितले की आधी विचारतात, “किती गुंठ्यांवर करू?”

येत्या हंगामात आपणही एक प्रश्न निवडावा, त्यासाठी सहा गुंठे बाजूला काढावेत आणि वहीच्या पहिल्या पानावर आपला अंदाज लिहून ठेवावा. निकाल अंदाजाप्रमाणे आला तर आनंदच आहे. उलट आला तर तो लपवू नये, शेजाऱ्याला बोलावून दाखवावा.